पिशवीवरचं नाव

"म्हणजे मावशींना मावशींच्याच पेशी!" असं म्हणून डॉ. इरफान जमादारांनी टेबलावर थाप मारली, तेव्हा बैठकीतले सगळे हसले. डॉ. पद्मजा बिरनाळे तेवढी हसली नाही. तिनं समोरचा पाण्याचा पेला उचलला, ओठांपर्यंत नेला आणि न पिताच खाली ठेवला.

मिरजेच्या 'अभया सेल थेरपी'ची ती मंगळवारची बैठक होती. विषय एकच. सुगंधा ऐवळे, वय एकोणसाठ, एसटीच्या निवृत्त कंडक्टर, यांना लिम्फोमा झाला होता, लसिकाग्रंथींचा कॅन्सर. गोष्ट वाईटच, पण कुणाचा चेहरा उतरला नव्हता. कारण सुगंधाबाई साध्या रुग्ण नव्हत्या. बारा वर्षांत 'अभया'नं ज्या तीनशे बारा जणांना याच रोगातून ओढून बाहेर काढलं, त्या सगळ्यांच्या अंगात सुगंधाबाईंच्या रक्तातून वाढवलेल्या पेशी फिरत होत्या. कंपनीच्या दर्शनी भिंतीवर त्यांचा फोटो होता. खाकी गणवेश, गळ्यात तिकिटाचं मशीन, आणि फोटो काढणाऱ्याला 'पुढं सरका' म्हणत असल्यासारखी मुद्रा.

"शुक्रवारी देऊन टाकू," जमादार म्हणाले. वॉर्डाचे ते प्रमुख. "त्यांचं हृदय अशक्त आहे. पेशी देण्याआधीचं आपलं नेहमीचं औषध त्यांना सोसलंच नसतं. पण स्वतःच्याच पेशी म्हटल्यावर ते औषध लागतच नाही. नशीब काढलं मावशींनी."

"जुळणी तपासलीत का?" पद्मजानं विचारलं.

"कशाची?"

"पेशींची. मावशींच्या रक्ताशी."

"मॅडम, आरशात बघताना तुम्ही ओळखपत्र काढून ताडून बघता का?" जमादार मनापासून हसले. "त्यांच्याच आहेत की."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सन्मती बसला होता. पद्मजाचा धाकटा भाऊ; कंपनीचा कारभार तोच पाही. आतापर्यंत तो सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. आता त्यानं हातातला मोबाइल हळूच पालथा ठेवला आणि बहिणीकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ त्या खोलीत फक्त दोघांनाच कळत होता.

आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. शरीरभर गस्त घालणं हे त्यांचं काम. समोर आलेली प्रत्येक पेशी आपली की परकी, हे तिच्या पृष्ठभागावरच्या खुणा चाचपून त्या ठरवतात आणि परकी असेल तर मारून टाकतात. कॅन्सरची पेशी मात्र घरचीच असते. बिघडलेली, पण खुणा घरच्याच. त्यामुळे टी-पेशी तिच्या शेजारून निघून जातात. पद्मजाच्या पिढीनं एक युक्ती वापरली. टी-पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्या जनुकांत एक नवा धागा विणायचा, की त्यांना कॅन्सरच्या पेशीवरची एक विशिष्ट खूण ओळखता येईल, आणि मग त्यांना परत शरीरात सोडायचं.

हे काम प्रत्येक रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातून करायचं तर तीन-तीन आठवडे लागत. तेवढा वेळ पुष्कळांकडे नसे. म्हणून पद्मजानं दुसरी वाट धरली. एका निरोगी बाईचं रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशी एकदाच घडवायच्या, हजारो पटींनी वाढवायच्या आणि गोठवून ठेवायच्या. रुग्ण आला की डबीतून काढायच्या आणि द्यायच्या. अडचण एकच होती. रुग्णाचं शरीर या पाहुण्यांनाच परकं समजून मारायला उठे. ते उठू नये म्हणून आधी आठवडाभर एक कडक औषध देऊन शरीराची राखण झोपवावी लागे. तरुण माणसं ते सोसत. अशक्त हृदयाच्या माणसाला मात्र ते औषधच घेऊन जाई.

सुगंधाबाईंना त्यांच्याच पेशी द्यायच्या, म्हणजे राखण झोपवायची गरज नाही. हिशेब चोख होता. फक्त त्या पेशी सुगंधाबाईंच्या नव्हत्या.

दोन हजार एकोणतीस साली 'अभया' म्हणजे भाड्याच्या तीन खोल्या होत्या. पद्मजा, सन्मती आणि एक नर्स, जी पुढं लग्न होऊन कॅनडाला गेली. जनुकांचा धागा पेशीत नेऊन सोडणारा निरुपद्रवी विषाणू परदेशातून यायचा. गोठलेला यायचा, आणि एकदा वितळवला की तो दिवस संपायच्या आत वापरावा लागे. त्या सकाळी तो वितळत ठेवला होता. दात्या सुगंधाबाई जतहून मुक्कामाची गाडी घेऊन आल्या, तशाच गणवेशात प्रयोगशाळेत आल्या. साठ वेळा रक्तदान केलेली बाई. सुई टोचताना नर्सलाच धीर देत होती.

"उपाशी आहात ना?" नर्सनं विचारलं.

"नुसता चहा घेतलाय," सुगंधाबाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर पिशवी यंत्रात फिरवून पाहिली, तर वरचा पिवळा द्रव दुधासारखा पांढरा. चहानं असं होत नाही. तेलकट खाल्लं की होतं. त्या चरबीत टी-पेशी नीट वेगळ्या निघत नाहीत. पिशवी वाया. विषाणू वितळलेला. नवा यायला तीन महिने. नर्सनं पोहे खाल्ले होते, सन्मतीनं दोनदा नाश्ता केला होता.

आणि त्या दिवशी चतुर्दशी होती. पद्मजा जैन; तिचा उपवास होता. आदल्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी जेवल्यानंतर तिच्या पोटात गाळलेल्या पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं. रक्तगटही तोच. ती खुर्चीत जाऊन बसली आणि बाही वर केली. पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या आधीच छापलेल्या होत्या. 'कागद नंतर दुरुस्त करू' असं ती म्हणाली होती, आणि त्या वेळी तिला तसं करायचंही होतं. पुढच्या सगळ्या तपासण्या पिशवीतल्या रक्ताच्या झाल्या. चिठ्ठीवरच्या माणसाची कुणी केलीच नाही. मग त्या पेशी कुणाच्याही कल्पनेपलीकडे तगड्या निघाल्या. पहिली रुग्ण चालत घरी गेली. मंजुरी आली, भिंतीवर फोटो आला, आणि दुरुस्तीचा कागद कधी लिहिलाच गेला नाही.

रोज संध्याकाळी पद्मजा सामायिकाला बसे. दिवसभरातले दोष एकेक करून आठवायचे आणि म्हणायचे, हा तिचा लहानपणापासूनचा नेम होता. बारा वर्षं रोज ती हा दोषही म्हणत आली होती. कधी चुकवला नाही. ज्यांना सांगायला हवा होता त्यांना मात्र एकदाही सांगितला नाही.

बैठक संपल्यावर सन्मतीनं तिला गच्चीवर गाठलं. ती पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारत होती.

"अक्का, थांब एका जागी. भोवळ येईल तुला."

"शुक्रवारी त्या पेशी दिल्या तर चार दिवसांत संपतील, सन्मती. आजार तसाच राहील. ती बाई जाईल आणि जमादार वर्षभर आपलं काय चुकलं म्हणून कागद चाळत बसतील."

"द्यायच्या नाहीतच. कोण म्हणतंय द्या? तिच्या स्वतःच्या रक्तातून ताज्या पेशी बनवू. यंत्र आहे आपल्याकडे. तीन आठवडे ती काढेल, जमादारांनीच सांगितलंय. कारण काहीही दे. साठा जुना झाला म्हण."

"खोटं सांगू?"

"आता आठवलं होय तुला?" तो पटकन बोलून गेला, मग जरा नरमला. "हे बघ. सव्वीस रुग्ण रांगेत आहेत. तू तोंड उघडलंस की दुसऱ्या दिवशी साठ्याला सील. दात्याचं नावच खोटं म्हटल्यावर कोण वापरू देईल? त्या सव्वीस जणांना काय सांगशील? तुम्ही थांबा, माझं मन हलकं होतंय म्हणून?"

तो म्हणत होता त्यात खोट नव्हती, आणि तेच तिला टोचत होतं.

"ताज्या पेशी," ती शेवटी म्हणाली. "मी जाते त्यांच्याकडे. आत्ताच."

सुगंधाबाईंचं घर बोळाच्या टोकाला, लोखंडी जिना चढून पहिल्या मजल्यावर. दार उघडंच होतं. आजारानं गाल बसले होते, मानेवर गाठी दिसत होत्या, पण आवाज तोच. साठ माणसांच्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"या, डॉक्टरबाई! सूर्य हाय अजून, काहीतरी खाऊन जावा. भडंग हाय, कांदा न्हाई घातला. तुमच्यासारखं कुणी यायचं म्हंजे धसका असतो. मुंगी मारत न्हाई म्हणता, आणि कॅन्सरला मात्र बरोब्बर गाठून मारता."

"नको, सुगंधाबाई. कामाचं बोलायला आलेय." पद्मजा पलंगाच्या कडेला टेकली, लगेच उठली, खिडकीशी गेली. "शुक्रवारचं जरा बदलू या. साठ्यातल्या पेशी जुन्या झाल्यात. तुमच्या रक्तातून नव्या, ताज्या बनवते. तीन आठवडे लागतील."

"जुन्या?" सुगंधाबाईंनी भुवया उंचावल्या. "गेल्या महिन्यात कागवाडच्या बाईला त्याच दिल्या नव्हं? परवा फोन आलता तिचा. भाकरी थापत होती."

"दिल्या होत्या."

"मग मला त्या जुन्या कशा?"

पद्मजा पुन्हा पलंगाच्या कडेला टेकली.

"मला कळतंय तुमचं," सुगंधाबाई हसून म्हणाल्या. "माझ्यासाठी काहीतरी खास करायचंय. नको. ते ताज्या पेशींचं यंत्र एकच हाय तुमच्याकडं, जमादार डॉक्टरांनी दाखवलंय मला. ज्यांना साठ्यातलं चालत न्हाई, त्यांच्यासाठी. मी तीन आठवडं अडवलं तर दोघांचा नंबर मागं जाणार. चौतीस वर्षं कंडक्टरकी केली मी. माझ्या माणसाला खिडकी देऊन दुसऱ्याला स्टँडवर सोडलं, असं एकदा केलं न्हाई. माझं माझ्याजवळ तयार असताना लोकांचं कशाला घेऊ? शुक्रवारी ते द्या. विषय संपला."

"पण मी सांगते म्हणून..."

"संपला म्हटलं नव्हं? हे बघा, तुम्हाला गंमत दाखवते." त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी पायानं पुढं ओढली. झाकण उघडलं. आत खणांच्या चळती होत्या. इरकली, साधे, रेशमी, स्वस्तातले, प्रत्येकाला चिकटपट्टीनं नावाचा कागद लावलेला. "बरं झालेलं प्रत्येक माणूस येतं. बाया ओटी भरून जातात. एकही खण शिवला न्हाई मी. शिवला तर नाव जाईल ना त्यावरचं."

पद्मजा 'येते' म्हणाली. जिना उतरली, चपला घातल्या, बोळाच्या तोंडापर्यंत गेली. तिथं एक माणूस सायकलची साखळी बसवत होता. ती त्याच्या शेजारी उगाच उभी राहिली. काही करून ही बाई शुक्रवारी वॉर्डात येणार, हसत हसत हात पुढं करणार. आता हिला वाचवेल असं एकही खोटं उरलेलं नव्हतं.

ती परत फिरली. चपला घालूनच जिना चढली, चपला घालूनच घरात आली, आणि हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"त्या पेशी तुमच्या नाहीत," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"त्या दिवशी तुम्ही मिसळ खाऊन आला होता."

"चहा घेतलाता मी."

"मिसळ खाल्ली होती, सुगंधाबाई."

"...एकच प्लेट," सुगंधाबाई म्हणाल्या. "पहाटेपासून गाडीत उभी होते. स्टँडवर वास सुटलाता."

"तुमचं रक्त वाया गेलं. फेकून द्यावं लागलं. माझा उपवास होता, म्हणून मी माझं दिलं. पिशवीवर नाव तुमचं राहिलं. तीनशे बारा जणांच्या अंगात आहेत त्या माझ्या पेशी आहेत. तुम्हाला दिल्या तर तुमचं शरीर त्या मारून टाकेल."

सुगंधाबाई आधी हसल्या. खरंच हसल्या, खोकला येईपर्यंत. "मिसळीपायी? आईशप्पत, मिसळीपायी?" मग त्यांचं लक्ष पेटीकडे गेलं आणि हसू जागच्या जागी थांबलं.

"कुणाकुणाला ठाऊक?"

"मला. माझ्या भावाला. तेव्हाच्या नर्सला, ती कॅनडात आहे."

"बारा वर्षं."

"हो."

सुगंधाबाई पेटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"मालक गेले, त्यानंतर या गल्लीत मला कुणी हळदीकुंकवाला हाक मारली नव्हती," त्या हळू म्हणाल्या. "पाच वर्षं. मी आपली ड्यूटी लावून घ्यायची त्या दिवशी, म्हंजे घरात बसायला नको. मग ती जयसिंगपूरची मालती आली. तुमची पहिली पेशंट. खण, नारळ, तांदूळ घेऊन. मी म्हटलं, बाई गं, मला न्हाई चालत. ती म्हणाली, तुम्ही मला जीव दिलाय. तुम्हाला चालत न्हाई तर कुणाला चालतं? सगळी गल्ली दारात उभी. मी पदर पुढं केला." त्यांनी मान वर केली. "पदर माझा, डॉक्टरबाई. ओटी तुमची होती."

"क्षमा करा मला."

"ती तर तुम्ही दरवर्षी मागता की! तुमची ती क्षमावाणी झाली की कार्ड येतं. छापलेलं. 'कळत-नकळत काही चुकलं असल्यास.' मी कपाटाच्या दाराला लावायची. म्हणायची, केवढी मोठी बाई, आणि केवढं नमतं घेती." आवाज आता शेवटच्या बाकापर्यंत जाऊ लागला होता. "कळत-नकळत! यात नकळत काय होतं वं?"

पद्मजा उभीच होती.

"मरायला लागले म्हणून सांगितलंत. न्हाईतर?"

"माहीत नाही," पद्मजा म्हणाली. त्या दिवसातलं तिचं ते सगळ्यांत खरं वाक्य होतं.

"जावा आता. आणि चपला बाहेर काढायच्या असतात आमच्यात पण."

ती रात्र आणि बुधवारचा सगळा दिवस पद्मजाच्या पायाला उसंत नव्हती. सकाळी देवळातून आली ती थेट जमादारांच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. जमादारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी काल आरशाचं म्हणालो," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर. आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"हो."

"मी दहा वर्षं प्रत्येक रुग्णाला त्या फोटोसमोर उभं करून सांगत आलोय, हिला नमस्कार करा." ते खिडकीकडे वळले. "तुमचं रक्त लागेल मला. आज. साठ्यातल्या पेशींशी पडताळून अहवाल जोडतो. म्हणजे निदान पेशी निरोगी बाईच्या आहेत, एवढं तरी सिद्ध होईल."

दुपारी तिनं नियामकांना पत्र लिहिलं. चार ओळींचं. त्यात 'अनवधानानं' हा शब्द एकदा लिहिला आणि खोडला. पाठवायच्या आधी ते सन्मतीला वाचून दाखवलं. तो ऐकत असताना टेबलावरची स्टेपलरच्या पिनांची डबी उघडत-मिटत होता.

"तुझ्या पेशी चांगल्या होत्या, अक्का," तो शेवटी म्हणाला. "एवढ्यावर भागलं असतं गं. कुणाचं काही बिघडलं नव्हतं."

"तिचं बिघडणार होतं."

"आणि सव्वीस जणांचं बिघडणार आहे."

तो उठून गेला. संध्याकाळपर्यंत त्यानं तिचा फोन उचलला नाही.

गुरुवारी दहा वाजता दोन अधिकारी आले आणि शीतकपाटांना सील लावून गेले. पद्मजाचा प्रयोगशाळेतला सहीचा अधिकार काढून घेतला. पडताळणी होईपर्यंत साठा बंद. किती दिवस, ते सांगता येत नव्हतं. जमादारांना सुगंधाबाईंच्या स्वतःच्या पेशी बनवायची तेवढी मुभा मिळाली. रांगेतल्या सव्वीस नावांची यादी जमादारांनी तिच्यासमोर ठेवली. कोण किती थांबू शकेल, ते पेन्सिलनं लिहिलं होतं. तीन नावांपुढं त्यांनी काही लिहिलंच नव्हतं. पद्मजानं ती तीन नावं इतक्या वेळा वाचली, की डोळे मिटल्यावरही दिसू लागली. मुंबईच्या दोन ठिकाणी तिनं फोन केले, हैदराबादला केला, ओळखीच्या आणि अनोळखी डॉक्टरांच्या विनवण्या केल्या. एकाची सोय लागली. दोघांची नाही.

आणि सुगंधाबाईंचा फोन बंद होता. नव्या पेशींसाठी रक्त शुक्रवारी काढलं तरच ते तीन आठवडे हाताशी होते. जमादारांनी नर्सला घरी पाठवलं. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सकाळीच पिशवी घेऊन गेल्या, कुठं ते सांगितलं नाही. पद्मजा संध्याकाळी ताटावर बसली, सूर्य बुडेपर्यंत ताटाकडे बघत राहिली, आणि मग नेमाप्रमाणे उठली. उपाशीच. सामायिकाला बसली तर शब्द येईनात. बारा वर्षं रोज पहिला यायचा तो दोष आता म्हणायचा उरला नव्हता, आणि त्याच्या जागी सव्वीस नावं येत होती.

शुक्रवारी साडेआठला वॉर्डाच्या दारातून तो आवाज आला.

"कुठं बसू?"

सुगंधाबाई फोटोतल्या गणवेशात नव्हत्या. साधं पातळ, काखेत एक जाड वही. त्या पद्मजाकडे न बघता जमादारांशी बोलल्या.

"बहिणीकडं गेलते जतला. दोन दिवस डोकं फिरलंतं माझं. मेले तर मेले म्हटलं. पण हिच्यापायी न्हाई मरायचं." मग त्या वळल्या. "डॉक्टरबाई, या नव्या पेशींनी मी बरी हुईन?"

"खात्री देत नाही. शक्यता चांगली आहे. तुमच्याच असतील, म्हणून ते कडक औषध लागणार नाही."

"या खेपेला पिशवीवर नाव कोण लिहिणार?"

"तुम्ही," जमादार म्हणाले.

"मग बसते. पण माझी एक अट हाय." त्यांनी वही पद्मजाच्या हातात दिली. आत पानापानावर नावं, गावं, फोन नंबर. कुणाची मुलगी दहावीला, कुणाचं घर बांधायला काढलंय, कुणाला साखर. तीनशे बारा. "रक्त निघायला चार तास लागतात म्हणं. तोवर माझ्यासमोर बसून एकेकाला फोन करायचा. कार्ड न्हाई पाठवायचं. तोंडानं सांगायचं."

"चार तासांत तीनशे बारा होणार नाहीत."

"मग उरलेले उद्या. मी काय पळून चाललेय? आठवडाभर हितंच ठेवून घेणार हायत मला."

सुया लागल्या. एका हातातून रक्त यंत्रात जाऊ लागलं, दुसऱ्यातून परत येऊ लागलं. यंत्र घरघरत होतं. पद्मजानं स्टूल ओढलं आणि पहिला नंबर लावला. जयसिंगपूरच्या मालतीबाई.

तिनं सगळं सांगितलं. मग मालतीबाई बोलू लागल्या, आणि शब्द खोलीत सगळ्यांना ऐकू जात होते. "मी माझ्या नातीचं नाव सुगंधा ठेवलं, डॉक्टर. माझ्या घरात त्यांच्या नावानं दिवा लागतो. तुम्ही माझ्या घरच्या लग्नकार्याला येऊन जेवून गेलात, तेव्हासुद्धा तुम्हाला बोलावंसं वाटलं नाही? मला बरं केलंत म्हणून मी काय वाट्टेल ते ऐकून घेऊ?" फोन बंद झाला.

पद्मजानं मोबाइल मांडीवर ठेवला. तिनं सुगंधाबाईंकडे पाहिलं. काहीतरी बोलतील, निदान 'असू द्या' म्हणतील असं तिला क्षणभर वाटलं असावं. सुगंधाबाईंचे डोळे भरले होते, पण ते मालतीबाईंच्या नातीसाठी. त्यांनी मोकळ्या बोटांनी वहीकडे खूण केली.

"पुढचा नंबर. अथणीचे कल्लाप्पा. म्हातारा चांगला हाय. कानानं कमी हाय जरा, मोठ्यानं बोला."

पद्मजानं नंबर लावला. "कल्लाप्पा, मी पद्मजा बिरनाळे बोलतेय. मिरजेहून."

"कोण?"

"पद्मजा बिरनाळे!" ती उठून उभी राहिली. शेजारच्या खाटांवरच्या माणसांनी माना वळवल्या. दारात दोन नर्स थांबल्या. त्यांच्यामागं, केव्हा आला कुणास ठाऊक, सन्मती उभा होता. "तुमच्या अंगात ज्या पेशी आहेत, कल्लाप्पा, त्या सुगंधाबाईंच्या नाहीत! त्या माझ्या आहेत! मी बारा वर्षं खोटं बोलले!"

"आं? काय म्हणता?"

तिनं मोबाइल कानापासून जरा दूर धरला आणि श्वास घेतला.

"आणखी मोठ्यानं," सुगंधाबाई म्हणाल्या.